चार एकरांत सगळं सोयाबीनच का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात चार एकर जमीन. अडीच एकर काळी भारी, दीड एकर मुरमाड. विहीर एक, पाणी संक्रांतीपर्यंत. यजमान पुण्यात कामाला, घरी खाणारी पाच माणसं, शेत तुम्ही आणि सासरे बघता. दहा-बारा वर्षं चारही एकर सोयाबीन, मागून जमेल तेवढा हरभरा. २०२३ ला पाऊस नाही म्हणून गेलं, २०२५ ला पाऊस जास्त झाला म्हणून गेलं. सासरे म्हणतात पुन्हा ज्वारी-तूर धरा. दीर म्हणतात दीड एकर ऊस लावू, कारखाना जवळ आहे. आणि तुमचा सवाल असा की, पाऊसपाणी असं बिघडलेलं असताना खाण्याची पिकं सोडून नगदी पिकामागे लागलो हे चुकलं का.

सोयाबीन धरलं हे चुकलं नाही. चारही एकरांत धरलं, हे चुकलं. ऊस तुमच्या विहिरीवर धरू नका, त्याचा हिशोब पुढे देतो.

आधी सोयाबीनची बाजू मांडतो, कारण हल्ली शहरातून आलेला प्रत्येकजण ‘तुम्ही ज्वारी सोडली’ म्हणून शेतकऱ्याला बोल लावतो आणि घरी जाऊन गव्हाची पोळी खातो. खरिपाची हायब्रीड ज्वारी का बंद झाली ते सासऱ्यांना विचारा. कणसात दाणा भरला की नेमका सप्टेंबरचा पाऊस यायचा, दाणा काळा पडायचा आणि आडतीवर त्याला कुणी हात लावायचं नाही. रब्बीची ज्वारी गुणाची, पण ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळं करायचं. एवढं करणारा गडी गावात उरला नाही. सोयाबीनला टोळी येते, बॅगेवर (एका बॅगेचं रान म्हणजे साधारण एक एकर) गुत्तं, म्हणजे ठेका ठरतो, दोन-चार दिवसांत माल मळणी यंत्रातून पोत्यात. शंभर-एकशेपाच दिवसांत रान मोकळं आणि दिवाळीला हातात पैसा. पाखरं तोंड लावत नाहीत. त्यातच रेशनवर गहू-तांदूळ आला, जानेवारी २०२३ पासून तर तो फुकट झाला. बैल गेले, ट्रॅक्टर आला, कडब्याची ओढ संपली. बँकेत पीककर्ज पिकावर ठरतं. ज्वारीला एकरी कमी, सोयाबीनला बरं, उसाला भरपूर. इतकी सगळी माणसं आणि यंत्रणा एकाच दिशेला ढकलत असताना दोन-चार एकरवाल्याने वेगळं काय करायचं होतं?

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. या भागातल्या येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात जी कोपी (छोटी झोपडी) बांधतात ती कडब्याच्या पेंढ्यांची. आता कितीतरी घरी त्या पाच-सहा पेंढ्याही विकत आणतात किंवा मागून आणतात, आणि आंबिलीसाठी ज्वारी कळंबच्या बाजारातून येते. पाच माणसांच्या घरात रोज एकवेळची भाकरी धरली तर सव्वा किलो पीठ लागतं, म्हणजे वर्षाला साडेचार क्विंटल ज्वारी. भारी रानात बरी ओल असली तर एक एकर कोरडवाहू रब्बी ज्वारी चार ते सहा क्विंटल देते. म्हणजे तुमच्या घरची वर्षाची भाकरी एका एकरात बसते. हा एक एकर ठेवायचा की नाही, एवढाच खरं तर सासऱ्यांचा आणि तुमचा वाद आहे. बाकी तीन एकरांचा विचार वेगळा.

आता पावसाचं. वर्षभराचा पाऊस किती पडला हा आकडा तुमच्या कामाचा नाही. मराठवाड्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास धरतात, आणि कितीतरी वर्षं ती कागदावर भरूनही शेत गेलेलं असतं. पीक बुडतं ते एखाद्या ठराविक आठवड्यात. सोयाबीनचे असे दोन आठवडे आहेत. एक, ऑगस्टचा उत्तरार्ध, शेंगा भरताना. तेव्हा वीस-बावीस दिवस उघडीप पडली की मुरमाड रानात पानं दुपारीच माना टाकतात, शेंग लागते पण आत दाणा मुगाएवढा, चिमटीत धरली तर चपटी. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, त्यावर पिवळा मोझॅक रोग आला. तुमच्या दीड एकराचं काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. दुसरा आठवडा काढणीचा, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. कापलेला माल सुड्यांत (रचलेल्या ढिगांत) असताना पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परंडा-भूमकडे मातीच वाहून गेली, तिथे पीक कुठलं का असेना, इलाज नव्हता.

चारही एकर एकाच दिवशी, एकाच बॅगांतून, एकाच वाणाने पेरले की चारही एकरांचे ते दोन आठवडे एकच होतात. मग वर्ष लागलं तर चांगलं लागतं, नाही तर काहीच हातात नाही. पूर्वी एकाच रानात ज्वारीत तुरीची इरवड (मधूनमधून पेरलेल्या ओळी), मुगाचे पाटे, कडेला अंबाडी असायची ती आवड म्हणून नव्हे. मूग-उडीद ऑगस्ट अखेरीस घरात, तुरीला नोव्हेंबरची ओल महत्त्वाची, रब्बी ज्वारीला सप्टेंबरचा पाऊस. एक पाऊस हुकला तर एकच पीक जायचं. हवामान जितकं लहरी होतंय तितकी ही जुनी वाटणी जास्त उपयोगाची ठरतेय. नगदी की खाण्याचं, हा प्रश्न मला त्यामुळे दुय्यम वाटतो. तूर, मूग, उडीद हे घरात शिजतातही आणि आडतीवर विकलेही जातात. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,०००, मुगाचा ८,७६८, उडदाचा ७,८०० रुपये क्विंटल होता, सोयाबीनचा ५,३२८. बाजारात यांतला कुठलाच भाव हमखास मिळतो असं नाही. तूर परदेशातून बिनशुल्क येत राहिली की तीही हमीभावाखाली जाते. पण तीन-चार मालांपैकी एखादा तरी वर राहतो.

सोयाबीनचा भाव लातूरच्या सौद्यात फुटतो खरा, पण तो ठरतो बाहेर. पामतेल किती आलं, अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड काय भावाने मिळते, इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात किती गेला, यावर. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला भाव दहा हजारांच्या वर गेला होता. त्याच महिन्यात सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव बराच खाली आला. सप्टेंबर २०२४ ला खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं पुन्हा कमी केलं. यातलं काहीही तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच की, काढणीच्या आठवड्यात सगळा माल विकायची वेळ येऊ द्यायची नाही. बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे, गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने पैसे मिळतात. त्याला माल वाळलेला लागतो. हमीभाव केंद्रावरही ओलावा बारा टक्क्यांच्या आत मागतात (२०२४ मध्ये पंधरापर्यंत सूट दिली होती, दरवर्षी मिळेलच असं नाही), म्हणून ताडपत्रीवर दोन ऊन जास्त द्या.

खर्चाचं बघू. सोयाबीनला मशागत, बियाणं, खत, तणनाशक, दोन फवारण्या, काढणीचं गुत्तं, मळणी धरून एकरी पंधरा ते अठरा हजार जातात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पीक डोळ्यांनी दिसायच्या आत जातात. बऱ्या वर्षी भारी रानात बॅगेला सात-आठ क्विंटल उतारा, भाव ४,२०० ते ४,५०० मिळाला तरी बारा-पंधरा हजार सुटतात. मुरमाडात तीन-चार क्विंटल आले की घरचे पैसे घालावे लागतात. तुम्ही दीड एकर मुरमाडात वर्षानुवर्षं सोयाबीन करताय, आणि भारी रानाने कमावलेलं तिथे घालवताय. दोन्ही तुकड्यांचा माल एकाच ढिगावर पडतो म्हणून हे दिसत नाही. पुढच्या वेळी दोन्हीकडची पोती वेगळी मोजा.

माझ्या मते वाटणी अशी करा. मुरमाड दीड एकरात उडीद आणि तूर. तुरीचा वाण कमी दिवसांचा घ्या. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ साधारण दीडशे दिवसांत येतो, ओल संपायच्या आत शेंग पक्की होते, हलक्या रानात लांब मुदतीची तूर शेवटी वाळून जाते. उडीद काढणीच्या वेळी पावसात सापडतो हा त्याचा जुना रोग आहे, तो मी लपवत नाही. पण खर्च कमी असल्याने गेला तरी कंबर मोडत नाही, आणि मागे तूर उभी राहते. तुरीला पाणी साचलेलं चालत नाही, मुरमाडात तेही भय कमी.

भारी अडीच एकरांतल्या एका एकरात मूग, त्यावर रब्बी ज्वारी. हे जरा खुलासा करून सांगतो, कारण ज्वारी बंद पडायचं खरं कारण इथे आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची असते, आणि त्यातही लवकर पेरलेली सरस. सोयाबीन निघतं ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मग रान तयार होईपर्यंत वरची ओल उडालेली असते. म्हणून सोयाबीनमागे हरभराच बसतो, ज्वारी बसत नाही. जुन्या काळी ज्वारीचं रान खरिपात पडीक ठेवून कुळवत राहायचे ते ओल साठवायला. आज एक एकर पडीक ठेवणं कुणाला परवडत नाही. साठ-पासष्ट दिवसांचा मूग मात्र जूनअखेर पेरला तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रान मोकळं करतो. पावसाने ओढ दिली आणि जुलैचा पहिला पंधरवडा उलटून गेला, तर मूग पेरू नका. त्या वर्षी ते रान ज्वारीसाठी तसंच राखा, मुगाचं बियाणं पुढे कामाला येईल.

वाण परभणी विद्यापीठाचे परभणी मोती किंवा परभणी सुपर मोती घ्या, नाही तर सरळ मालदांडी. भाकरीला आणि कडब्याला तिन्ही चालतात. विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी आहे म्हणता, तर पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) असताना एक आणि दाणा भरताना एक, एवढ्या दोन पाण्यांवर उतारा चांगला वाढतो. काढणीला मजूर नाही ही अडचण खरी. एक एकराला सावड करा. शेजारच्या दोघी-तिघींनी एकेक एकर केली तर आळीपाळीने निघते. आणि सावडीपेक्षाही महत्त्वाचं, ज्वारी एकटीने पेरू नका. आसपास सगळा हरभरा आणि मध्ये तुमचा एकच एकर कणसांत आला, तर सगळ्या शिवाराची पाखरं आणि रानडुकरं तिथेच उतरतील. मी एका गावात पाहिलं, माणसाने पीक सुरेख आणलं होतं, बांधापासून आठ-दहा ओळींत कणसाला दाणाच नव्हता, नुसती टरफलं; आतल्या भागात मात्र कणसं भरलेली. जितकं रान मोठं आणि सलग तितकी कड कमी खाल्ली जाते. बांधाला बांध लागलेल्या दोघांशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा. कडब्याला सुद्धा गिऱ्हाईक आहे, जनावरं कमी झाली तरी दुधाचा धंदा करणारे आहेत, आणि टंचाईच्या उन्हाळ्यात कडबा ज्वारीच्या दाण्याइतके पैसे करतो.

उरलेल्या दीड एकर भाऱ्यात सोयाबीन आणि मागे हरभरा, आहे तसंच. इथे सोयाबीनमध्ये चारास दोन ओळी तूर घालायची शिफारस विद्यापीठाची आहे आणि ती चांगली आहे, पण मग तूर जानेवारीपर्यंत रान अडवते आणि हरभरा जातो. तुमच्याकडे विहिरीचं पाणी आहे आणि तूर मुरमाडात केलेलीच आहे, म्हणून मी इथे सलग सोयाबीन म्हणतो. विहीर नसती तर तूर म्हणालो असतो. पेरणी बीबीएफने, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर करा. उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल कामाला येते, आणि जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. दोन्हीकडून उपयोगी असं फार थोडं असतं. वरच्या बांधाला चर काढून पाणी ओढ्याकडे वळवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण-ट्रॅक्टर काही लावू नका, शेजाऱ्याने पेरलं तरी. दुबार पेरणीची बॅग फार महाग पडते.

बियाणं घरचं वापरा. सोयाबीन सरळ वाण आहे, दरवर्षी नवी बॅग घ्यायची गरज नाही. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सात दिवसांनी मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बरोबर. साठच उगवले तर पस्तीस किलो पेरा. त्याखाली असेल तर ते विकून टाका, पेरू नका. २०२० च्या खरिपात विकतच्या बॅगा उगवल्या नाहीत म्हणून गावोगावी पंचनामे झाले होते. ज्यांनी घरी तपासणी केली होती ते त्या रांगेत नव्हते. पोतं आदळू नका, सोयाबीनचं साल पातळ असतं, एका आपटण्यात अंकुर दुखावतो.

आता ऊस. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत दोन हजार मिलिमीटर लागतं. पावसाचे सातशे वजा केले तरी तेराशे तुम्हाला द्यायचेत, एकरी बावन्न लाख लिटर. ज्वारीची दोन पाणी सत्तर-सत्तर मिलिमीटरची धरली तर एकरी साडेपाच लाखांच्या आसपास होतात. एक एकर उसाच्या पाण्यात नऊ एकर ज्वारी भिजते. ठिबक केलं तर उसाचं पाणी बरंच वाचेल, मान्य. पण उसाची सगळ्यात मोठी तहान मार्च ते मेमध्ये आणि तुमची विहीर संक्रांतीला बसते. मग बोअर. मग दुसरं बोअर. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे, पाणी भेगेत सापडलं तर सापडतं. मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते २०१६ साल, आणि तुमचं गाव त्याच धरणाच्या पाणलोटात. दिरांना हे पाणी मोजून दाखवा, भांडू नका. त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही: उसाचा भाव आधी कळतो, पुराच्या वर्षीही ऊस बऱ्यापैकी तगतो, घेणारा कारखाना ठरलेला असतो. ज्याला बारमाही पाणी आहे त्याने लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

फळबागेचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडे मोसंबीच्या उभ्या बागा सरपणाला गेल्या, एवढं त्याला सांगा. दिरांना नगदीच काही करायचं असेल आणि घरात दोन जोडी हात असतील तर अर्धा एकर तुती लावून रेशीम करून बघा. तुती उन्हाळ्यात पाणी तोडलं तरी मरत नाही, पावसाला फुटते. मात्र अळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस पाला घालावा लागतो, ते एकट्या बाईचं काम नाही.

विहिरीजवळ पाच गुंठे माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला राखा. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांसोबत एक एकराचं काम केलंय, त्यात घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाई मागून घेते आणि तिथे डाळी, भाज्या, ज्वारी काय लावायचं ते ती ठरवते. अशा घरांत मला हा फरक दिसला की, बाजाराच्या दिवशी पिशवीत तेल-मीठ-साखरच येते. तुमच्याकडे तर शेत तुम्हीच बघता, तरी तो एक एकर आणि पाच गुंठे ‘तुमचे’ म्हणून घरात एकदा बोलून घ्या, नाही तर पहिल्या चांगल्या भावाच्या वर्षी तिथेही सोयाबीन पेरलं जाईल.

विम्यावर फार विसंबू नका. एक रुपयाचा विमा २०२३ च्या खरिपापासून होता, २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आहे आणि भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. मंडळाची सरासरी बरी निघाली तर तुमचं रान वाहून गेलेलं असलं तरी विम्यातून काही येत नाही. आपत्तीची मदत कोरडवाहूला केंद्राच्या २०२५-२६ पर्यंतच्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४०० होती. राज्य कधी वर भर घालतं. त्यात काढणीचं गुत्तंही निघत नाही. तरी सोयाबीनच्या दीड एकराचा विमा भरा, हप्ता परवडणारा आहे.

शेवटचं कागदाचं, आणि ते जूनच्या आधी उरका. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असणार. त्यांचा शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर तो काढा आणि त्याला जोडलेला मोबाइल घरात राहील असा ठेवा, यजमानांच्या खिशात पुण्याला नको. ओटीपी तिकडे जातो आणि नोंदणीची शेवटची तारीख इकडे निघून जाते. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या मोबाइल ॲपमध्ये, आतापर्यंत सरसकट सोयाबीन टाकलं असेल. यंदा मूग वेगळा, उडीद-तूर मिश्र पीक म्हणून क्षेत्रासह, आणि रब्बीला ज्वारी व हरभरा वेगवेगळे टाका. सातबाऱ्यावर तूर नसेल तर हमीभाव केंद्रावर तुरीची नोंदणी होत नाही, मग पोती गाडीत भरून नेली तरी परत आणावी लागतात.